काळा पाषाण की ग्रॅनाइट? दोन दगडांची स्वतः करून घ्यायची ओळख

आमच्या ओट्याच्या पावतीवर ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ असं लिहिलेलं आहे. बसवणारा मिस्त्री त्याला ग्रॅनाइटच म्हणत होता आणि घरातही इतकी वर्षं तोच शब्द चालतो. मी भूगोल शिकवते, त्यामुळे पाहुणे ओट्याचं कौतुक करायला लागले की माझ्या तोंडून निघतंच, ‘हा ग्रॅनाइट नव्हे हो.’ बहुतेक जण विषय बदलतात. पण एखादा विचारतो, ‘मग कोणता?’ आणि त्यातलाच एखादा पुढे विचारतो, ‘आम्हाला कसं ओळखता येईल?’ त्या शेवटच्या माणसासाठी हे लिहिते आहे.

दगड दोनच घेऊ. एक आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. महाराष्ट्राची सुमारे ऐंशी टक्के जमीन त्याच्यावर उभी आहे. दुसरा ग्रॅनाइट. तो आपल्याकडे पूर्व विदर्भात आणि नांदेडच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत दिसतो, आणि खाली दक्षिणेत तर सगळीकडे. दोन्ही अग्निजन्य, म्हणजे तापलेला शिलारस थिजून झालेले. तरी एक खडीकरणाला जातो आणि दुसरा चकचकीत होऊन दिवाणखान्यात येतो. असं का, ते दगड हातात घेतल्यावरच नीट कळतं.

सुरुवातीला काय जमवायचं

काळा पाषाण पुणे, नाशिक, सातारा, संभाजीनगर या भागात असाल तर शोधावा लागत नाही. जिथे बांधकाम चालू आहे तिथला डबराचा ढीग गाठा, वॉचमनला विचारा आणि मुठीएवढे दोन-तीन तुकडे घ्या. शक्यतो वेगवेगळे दिसणारे घ्या: एक एकसंध काळा आणि एक भोकं किंवा पांढरे ठिपके असलेला.

ग्रॅनाइटसाठी फरशी-मार्बलच्या दुकानामागे जा. सिंकसाठी कापून काढलेले आणि कडेचे तुकडे तिथे पडलेले असतात, सहसा फुकट मिळतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. काळा तुकडा आत्ता नको. गुलाबी किंवा राखाडी-पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा घ्या. आणि त्याची एक तरी कड तुटलेली हवी, चारही बाजूंनी कापलेली नको.

याशिवाय दहापट मोठं दाखवणारं भिंग (सोनाराकडे असतं तसं), एक लिंबू, एक सुरी, दोरा, चुंबक आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा.

किल्ल्यांवरून आणि लेण्यांतून कपचाही उचलायचा नाही. ती संरक्षित ठिकाणं आहेत, तिथे दगड फोडणं हा गुन्हा आहे. आणि चालू खाणीत परवानगीशिवाय शिरायचं नाही, तिथे सुरुंग लावतात.

पायरी १: ताजी कड शोधा

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. पावसात-उन्हात पडलेला दगड बाहेरून तपकिरी, पिवळट, कधी चक्क लाल दिसतो. तो त्याचा रंग नसतो, हवापाण्यानं चढलेला गंज असतो. बेसाल्टमध्ये लोह भरपूर, म्हणून तर तो लवकर तांबूस होतो. तुकडा जुना असेल तर जाड गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून हातोड्यानं फोडा आणि आतली बाजू बघा.

ग्रॅनाइटची पॉलिश केलेली बाजूही फसवते. पॉलिशमुळे रंग गडद होतात, म्हणून तुटलेली कड बघायची.

फोडण्याआधी एक गंमत करून बघा. दगड हातात सैल धरून त्यावर दुसऱ्या दगडानं टोला द्या. एकसंध, ताजा बेसाल्ट खणखणतो. आत चीर असेल किंवा दगड कुजायला लागला असेल तर आवाज बद्द येतो. आमच्या पाट्याला टाकी घालायला एक मावशी येत असत, त्या आधी पाट्यावर छिन्नीनं टकटक करून कान देत आणि मगच पैसे ठरवत. एकदा म्हणाल्या, ‘ताई, हा दगड बोलतोय, अजून दोन पिढ्या जाईल.’ तेव्हापासून मी वर्गातही आधी दगड वाजवते.

पायरी २: दाणे बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. एवढी एक जमली तरी निम्मं काम झालं.

ग्रॅनाइटची तुटलेली कड उजेडात धरा. भिंगाशिवायसुद्धा तीन-चार प्रकारचे दाणे वेगवेगळे दिसतील. काचेसारखे धुरकट, ठरावीक आकार नसलेले दाणे म्हणजे क्वार्ट्झ, आपली गारगोटी. गुलाबी किंवा दुधी, सपाट तुटणारे आणि दगड हलवला की आरशासारखे लकाकणारे दाणे फेल्डस्पारचे. काळे चमचमते पापुद्रे अभ्रकाचे. सुईच्या टोकानं उचकटले तर निघतातही. हे दाणे साधारण ज्वारीएवढे, कधी हरभऱ्याएवढे असतात.

आता बेसाल्ट बघा. दाणे दिसत नाहीत. भिंग लावलं तर बारीक चमक दिसेल, पण कोणता दाणा कुठे संपतो ते कळणार नाही. त्यातही दाणे आहेतच, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या गडद खनिजाचे, पण ते सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसतात.

हा फरक समजायला स्वयंपाकघरातच जाऊ. साखरेचा घट्ट पाक कित्येक दिवस न हलवता ठेवला की दोऱ्याभोवती टपोरी खडीसाखर धरते. तोच पाक आचेवरून उतरवून घोटून टाकला तर बारीक भुरा होतो. साखर तीच, थिजायला मिळालेला वेळ वेगळा. ग्रॅनाइटचा शिलारस जमिनीखाली काही किलोमीटरवर अडकून पडला, वरच्या खडकांच्या पांघरुणात हजारो-लाखो वर्षं निवत राहिला, म्हणून दाणे टपोरे. बेसाल्टचा रस भेगांमधून वर आला, उघड्या हवेत पसरला आणि त्या मानानं झटकन थिजला, म्हणून दाणे बारीक.

एक अपवाद सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच सहलीत गोंधळ होईल. सह्याद्रीत काही थरांतल्या बेसाल्टमध्ये बोटाच्या पेराएवढे फेल्डस्पारचे लांबट पांढरट स्फटिक विखुरलेले असतात. कसारा घाटात असा थर आहे. ते स्फटिक शिलारस वर येण्याआधी खोलवर वाढलेले असतात. ते पाहून ‘ग्रॅनाइट सापडला’ म्हणून उडी मारू नका. स्फटिकांच्या मधली जागा बघा. ती काळी आणि दाणे न दिसणारी असेल तर दगड बेसाल्टच.

पायरी ३: रंग, पण जपून

पाक किती वेळात थिजला ते दाणे सांगतात. पाक साखरेचा होता की गुळाचा, ते रंग सांगतो.

ग्रॅनाइटच्या रसात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) सत्तर टक्क्यांच्या आसपास, लोह-मॅग्नेशियम कमी. म्हणून तो फिका: गुलाबी, राखाडी, पांढरट. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण पंचेचाळीस ते बावन्न टक्के आणि लोह-मॅग्नेशियम भरपूर, म्हणून गडद.

म्हणजे ग्रॅनाइट हा साखरेचा पाक सावकाश थिजलेला, आणि बेसाल्ट हा गुळाचा पाक झटकन थिजलेला. मग गुळाचा पाक सावकाश थिजला तर? गडद दगड, पण टपोऱ्या दाण्यांचा. त्याला गॅब्रो म्हणतात. मध्यम वेगानं थिजला, म्हणजे भेगांमध्येच अडकून राहिला, तर डोलेराइट. दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळतात ते बहुतेक हेच दोघे. आंध्र प्रदेशातल्या प्रकाशम जिल्ह्यात चिमाकुर्ती इथून येणारा, काळ्यावर सोनेरी-तांबूस ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलक्सी’ जगभर ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. तो गॅब्रोच्या घरातला आहे. त्यात क्वार्ट्झ शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आमचा ओटाही त्यातलाच, डोलेराइट. भिंगातून पाहिलं की फेल्डस्पारच्या बारीक करड्या काड्या एकमेकींत अडकलेल्या दिसतात. कुळी पाहिली तर तो सह्याद्रीच्या कड्यांचा भाऊबंद.

यात दुकानदाराची लबाडी नाही. दगडाच्या बाजारात पॉलिश घेणाऱ्या कुठल्याही कठीण दगडाला ग्रॅनाइटच म्हणतात. नागमोडी पट्ट्यांचे बरेच स्लॅबही खरं तर नीस खडकाचे असतात, म्हणजे दाबाखाली आणि उष्णतेत रूप पालटलेले. ओट्यासाठी त्यानं काही बिघडत नाही. मात्र परीक्षेच्या पेपरात ‘काळा ग्रॅनाइट’ लिहिलंत तर मार्क जातील.

पायरी ४: घनता काढा

हे मुलांना फार आवडतं, आणि घरच्या काट्यावर जमतं.

आधी कोरड्या दगडाचं वजन लिहून घ्या. मग काट्यावर पाण्यानं निम्मं भरलेलं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा. दगडाला दोरा बांधा आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल असा हातानं अधांतरी धरा. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. आता काटा जो आकडा दाखवेल तितके मिलिलीटर दगडाचं आकारमान आहे. पहिल्या वजनाला या आकड्यानं भागा.

समजा दगड ५८० ग्रॅम भरला आणि बुडवल्यावर काट्यानं २०० दाखवले, तर ५८० भागिले २०० म्हणजे २.९. हा बेसाल्ट. दुसरा दगड ४०० ग्रॅमचा, बुडवल्यावर १५०, म्हणजे २.६७. हा ग्रॅनाइट. साधारणपणे ग्रॅनाइट २.६ ते २.७ आणि एकसंध बेसाल्ट २.८ ते ३.० यांच्या दरम्यान येतो. भोकं असलेला बेसाल्ट मात्र हलका निघतो, म्हणून हा प्रयोग एकसंध तुकड्यावरच करा. आकडा २.३ वगैरे आला तर आधी दगड तळाला टेकला होता का ते बघा. माझ्या वर्गात दरवर्षी कुणाचा तरी टेकतोच.

पायरी ५: चुंबक, सुरी, लिंबू

चुंबक दोऱ्यानं टांगून स्थिर करा आणि दगड हळूच जवळ न्या. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहाच्या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे चांगल्या ताकदीचा चुंबक किंचित त्याच्याकडे झुकतो. ग्रॅनाइटकडे सहसा झुकत नाही. पुरावा म्हणून हा एकटा पुरेसा नाही, पण दाणे आणि घनता पाहून झाल्यावर शिक्कामोर्तब करायला बरा.

सुरीनं या दोघांत फरक कळत नाही, हे आधीच सांगते. दोघांवरही जोर लावून ओढली तरी बहुधा सुरीच झिजते आणि दगडावर धातूची करडी रेघ उरते. सुरी आणि लिंबू उपयोगी पडतात ते तिसऱ्याच गड्याला पकडायला: कडप्पा. काळा, सपाट, स्वस्त. कडप्पा हा चुनखडीचा दगड, अग्निजन्य नव्हेच. शहाबाद आणि कोटा फरशीही चुनखडीचीच. त्यांच्यावर सुरीचा ओरखडा सहज उठतो आणि लिंबाचा थेंब दहा मिनिटं ठेवून पुसला तर जागा निस्तेज होते, कधी बारीक बुडबुडेही दिसतात. ग्रॅनाइट आणि बेसाल्टला लिंबानं काही होत नाही. बेसाल्टच्या एखाद्या पांढऱ्या ठिपक्यावर फेस आलाच तर घाबरू नका, त्या भोकात कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलंच खनिज, भरलेलं आहे.

भोकांविषयी थोडं विषयांतर

बेसाल्ट नुसता काळाठिक्कर आणि रुक्ष, असं वाटत असेल तर तो भोकांचा तुकडा काढा. लाव्हा थिजत असताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची ही भोकं. पुढे लाखो वर्षं त्यांतून पाणी झिरपलं आणि भोकांमध्ये खनिजं साठली. त्यातल्या पांढऱ्या, गुलाबी, पीचच्या रंगाच्या स्फटिकांना झिओलाइट म्हणतात. पुणे, नाशिक, जळगाव भागातले स्टिल्बाइट आणि त्यांच्यासोबत मिळणारे हिरवट ॲपोफिलाइट जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळाभोर कॅव्हनसाइट तर संग्राहकांचा जीव की प्राण. भोकांना कधी हिरव्या मातकट खनिजाचं अस्तर असतं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीपासून केलेला आहे.

ग्रॅनाइटमध्ये अशी भोकं नसतात. खोलवर, दाबाखाली बुडबुड्यांना फुगायला वावच नसतो. म्हणून गोल भोकं दिसली की तिथेच निकाल लागला: दगड पृष्ठभागावर थिजला आहे.

पायरी ६: आता दूरवर बघा

हातातला दगड ओळखता आला की डोंगरही ओळखता येतात. बेसाल्टचा डोंगर सपाट माथ्याचा आणि पायऱ्यापायऱ्यांचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे पूर एकावर एक येत गेले. त्या प्रत्येक थराची एक पायरी: कठीण भागाचा उभा कडा, मऊ भागाचा उतार. दख्खनच्या या लाव्हाथरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्द पायऱ्यांच्या स्वीडिश शब्दावरूनच आला. घाटरस्त्यात दोन थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा दिसला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बघा. तो गेरूचा थर, म्हणजे पुढचा लाव्हा येईपर्यंतच्या काळात खालच्या थराची झालेली माती. वरून आलेल्या लाव्हानं ती भाजून काढली.

लाव्हा निवताना आकसतो आणि कधीकधी उभे बहुकोनी खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल भोवतालच्या इमारतींमधून मान वर काढून उभी आहे, ती अशाच खांबांची.

ग्रॅनाइटचा प्रदेश वेगळाच. गोल गरगरीत, हत्तीएवढे धोंडे एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे. हंपीला जाऊन आलेल्यांना सांगायला नको. सोलापूरहून हैदराबादला रस्त्यानं जा: आधी काळी जमीन आणि सपाट टेकड्या, आणि हैदराबाद जवळ येता येता तांबूस जमीन आणि धोंड्यांच्या राशी. नागपुरात तर ही सीमा शहरातूनच जाते. सीताबर्डीचा किल्ला बेसाल्टवर, पूर्वेकडे नीस आणि ग्रॅनाइटसारखे जुने खडक.

कांद्यासारखे पापुद्रे सुटताना दिसले म्हणून मात्र काही ठरवू नका, ते दोन्ही दगडांचे सुटतात.

आणि जिथे ग्रॅनाइट दिसत नाही तिथे तो नाही असंही नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे खोल विंधनछिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याच्या थोडं खाली ग्रॅनाइट-नीसचा पाया. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रात तो सव्वा किलोमीटरवर लागला. आपण उभे आहोत ती गुळाची चिक्की, आणि तिच्या खाली जुनी खडीसाखर.

पायरी ७: कुठे कोणता वापरायचा

*खडी.* काँक्रीट आणि रस्त्यासाठी महाराष्ट्राच्या बहुतेक भागात बेसाल्टच येतो, आणि तो उत्तम आहे: दाट, चिवट, कमी पाणी पिणारा. पूर्व विदर्भात गिट्टी ग्रॅनाइट-नीसची असू शकते, तीही चालते. म्हणून जातीवर अडून बसण्यापेक्षा माल बघा. ढिगातून ओंजळभर उचला. तपकिरी, हातानं चुरणारे तुकडे किती? चपटे, पातळ किती? भोकांचे किंवा हिरवट मऊ किती? असे तुकडे जास्त असतील तर ट्रक परत पाठवा. भोकांची खडी पाणी पिते आणि काँक्रीटचं गणित बिघडवते. खडी ब्रासवर मिळते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बेसाल्टच्या खडीचा एक ब्रास चार-साडेचार टनांच्या आसपास भरतो, त्यामुळे छोट्या टेम्पोतून ‘दोन ब्रास आणलाय’ असं कुणी सांगितलं तर हिशोब करून बघा.

*भिंत आणि कोरीवकाम.* वेरूळचं कैलास मंदिर एकाच बेसाल्टच्या कड्यातून वरून खाली खोदत आणलं. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर १०१० साली पूर्ण झालं, ते ग्रॅनाइटचं. जिथे जो दगड होता तिथे त्याचं सोनं केलं. घराच्या जोत्याला किंवा कुंपणाला आपल्याकडे घडीव काळा दगडच परवडतो आणि शोभतोही. वडार आणि पाथरवट कारागिरांचा हात याच दगडावर बसलेला आहे. ग्रॅनाइट घडवायला छिन्नीची धार लवकर जाते, क्वार्ट्झमुळे.

*पायऱ्या आणि अंगण.* इथे पॉलिश नको, पाऊस पडला की घसरगुंडी होते. खऱ्या ग्रॅनाइटला ‘फ्लेम फिनिश’ करून घ्या. त्याच्या पृष्ठभागावर मोठी ज्योत फिरवतात, क्वार्ट्झचे दाणे एकदम फुगून टवके उडतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. काळ्या दगडात क्वार्ट्झ जवळपास नसतंच, त्यामुळे त्यावर ही युक्ती तितकीशी साधत नाही. तिथे ‘लेदर फिनिश’, म्हणजे चामड्यासारखा किंचित खडबडीत पृष्ठभाग, घ्यावं. दुकानात हे दोन शब्द माहीत असले की निम्मी घासाघीस वाचते.

*ओटा.* इथे ग्रॅनाइट आणि त्याचे काळे भाऊबंद दोघेही कडप्प्यापेक्षा कितीतरी सरस, कारण लिंबू, चिंच, टोमॅटो, ताक यांचं त्यांना काही वाटत नाही. निवडताना तीन चाचण्या दुकानातच करा. लिंबाची सांगितलीच. दुसरी, पॉलिश केलेल्या भागावर पाण्याचा थेंब पंधरा मिनिटं ठेवा. पुसल्यावर खाली गडद डाग राहिला तर दगड पाणी पितो, म्हणजे तेल आणि हळदही पिणार. फिक्या ग्रॅनाइटमध्ये हे जास्त दिसतं. तो घ्यायचाच असेल तर सीलर मारून घ्या आणि वरचेवर पुन्हा मारा. तिसरी चाचणी फक्त काळ्यासाठी: कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. कापूस काळा झाला तर करड्या दगडाला रंग चढवलेला आहे, तो पुढे चट्ट्याचट्ट्यांनी उतरतो. एका दुकानात मी कापूस बाहेर काढल्याबरोबर ‘काकू, तो नको, हा बघा’ म्हणून दुसरा स्लॅब पुढे आला.

वजनाचाही विचार करा. वीस मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट चौरस फुटाला सुमारे पाच किलो, काळा त्याहून थोडा जास्त. आठ बाय दोनचा ओटा म्हणजे ऐंशी-नव्वद किलो. खाली कडप्प्याचे उभे आणि आडवे आधार हवेतच, आणि सिंकच्या कापाचे कोपरे काटकोनात नकोत, थोडे गोल हवेत. दगड तडकतो तो तिथून.

*विहीर आणि बोअर.* एवढंच सांगते की दोन्ही दगड मुळात पाणी धरत नाहीत. पाणी असतं ते भेगांत आणि कुजलेल्या भागात. बेसाल्टमध्ये ते थरांच्या सांध्यांत आणि सच्छिद्र भागात आडवं पसरतं, एकसंध काळा पाषाण लागला की विहीर कोरडी. ग्रॅनाइटच्या प्रदेशात वरच्या मुरमात आणि खालच्या उभ्या-तिरप्या भेगांत. बोअरमधून निघणारा चुरा ओंजळीत घेऊन पायरी २ आणि ३ करता आल्या तर किती खोलीवर दगड बदलला ते तुमचं तुम्हाला कळेल.

*पाटा-वरवंटा.* माझा अट्टहास काळ्या पाषाणाचा. बारीक दाण्याचा, एकसंध, वाजवल्यावर खणखणणारा. भोकांचा घेऊ नका, भोकांत वाटण अडकून राहतं. रंग लावून काळे केलेले मऊ दगडाचे पाटेही बाजारात येतात. ओला कपडा जोरात घासा आणि सुरीची रेघ मारून बघा. घरी आणल्यावर ब्रशनं घासून धुवा, मग मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ वाटून टाकून द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वाटलेलं पीठ करडं येतंय तोवर दगडाची कच निघते आहे. आमच्या पाट्याला पाच वेळा लागलं, सहाव्या दिवशी पीठ पांढरं आलं आणि त्या संध्याकाळी पहिली लसणाची चटणी झाली.